शिरक्याचा गळीत हंगाम

गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता आमच्या गल्लीत साखर कारखान्याचा भोंगा वाजतो. खरा कारखाना कोपरगावच्या बाहेर, आमच्यापासून चांगला लांब आहे आणि त्याचा हंगाम तोवर संपलेलाही असतो. हा भोंगा वाजतो तो शेजारच्या निकमकाकांच्या मोबाईलमधून. बाकीची माणसं निवृत्त होताना शाल घेऊन येतात, भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. काका शेवटच्या पाळीला भोंगा रेकॉर्ड करून घेऊन आले.

भोंगा झाला की आम्ही चार घरची माणसं त्यांच्या ओट्यावर जमतो. टेबलावर मिक्सर मांडलेला असतो. मिक्सरला झेंडूचा हार, भांड्याला हळदकुंकू, बाजूला नारळ. कारखान्यात पहिली उसाची मोळी टाकून गाळपाला सुरुवात करतात, तशी काका कैऱ्यांची मोळी टाकतात. कैऱ्यांची मोळी बांधता येत नाही हे त्यांना दरवर्षी सुतळी हातात घेतल्यावर आठवतं. मग पाच कैऱ्या उपरण्यात बांधून मिक्सरपुढे ठेवल्या जातात आणि प्रमुख पाहुण्याच्या हस्ते बटण दाबलं जातं.

परवाच्या वर्षी प्रमुख पाहुणी मी होते. मी शाळेत भूगोल शिकवते, पण काकांनी ओळख करून देताना मला ‘शिक्षणमहर्षी’ केलं. शाल पांघरली, नारळ दिला. मी बटण दाबलं. झाकण नीट बसलेलं नव्हतं. पहिल्या गाळपातली निम्मी कैरी माझ्या शालीवर आली आणि उरलेली आमच्या ह्यांच्या चष्म्यावर.

“शुभ असतं,” काका शांतपणे म्हणाले. “गळती पहिल्या दिवशी निघाली की हंगाम सरळ जातो.”

ह्या कारखान्यात तयार काय होतं, तर शिरक्याचं, म्हणजे घरच्या व्हिनेगरचं, सरबत. उन्हाळा आला की लोक पन्हं करतात, कोकम आणतात, लिंबू पिळतात. काकांना हे सगळं पोरखेळ वाटतं. त्यांची पद्धत अशी : फळ चिरायचं, तेवढीच साखर घालून दीड दिवस झाकून ठेवायचं, सुटलेला रस गाळायचा आणि त्यात घरी केलेला उसाचा शिरका ओतायचा. मग तो पाक बाटलीत भरून आठवडाभर मुरवायचा. प्यायच्या वेळी ग्लासात दोन चमचे पाक, माठाचं पाणी, वरून गोटी सोडा आणि ताजा पाला. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने एकदा सांगितलं, “पप्पा, हॉटेलात ह्याला कॉकटेल म्हणतात, चारशे रुपयाला देतात.” तेव्हापासून काकांनी त्याला घरात हा शब्द उच्चारायची बंदी केली आहे. कॉकटेल म्हटलं की काकू ते हळदीकुंकवाला ठेवू देणार नाहीत, अशी त्यांना धास्ती.

ती धास्ती अगदीच खोटी नाही. शिरका करायला उसाचा रस मातीच्या रांजणात भरून, तोंडाला पांढरं फडकं बांधून दोन-अडीच महिने ठेवावा लागतो. पहिल्या पंधरवड्यात त्या रांजणाला जो वास सुटतो, तो ज्याला ठाऊक नाही त्याला फार वेगळ्या गोष्टीची आठवण करून देतो. समोरच्या घरात नवे भाडेकरू आले, त्यांनी चार दिवस वास सहन केला आणि पाचव्या दिवशी पोलिसांना फोन केला की इथे हातभट्टी चालते. दुपारी बाराच्या उन्हात हवालदार आले. काकांनी त्यांना आधी शिरक्याचं रसायनशास्त्र समजावलं, मग रांजणात वाकायला लावलं आणि शेवटी पेरूच्या पाकाचे दोन ग्लास पाजले. हवालदार घाम पुसत म्हणाले, “साहेब, लई गार वाटलं बगा.” जाताना त्यांनी तक्रार करणाऱ्यालाच दम दिला.

काका बत्तीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. तासातासाला रसाचा नमुना आणायचा, त्याचं ब्रिक्स काढायचं. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप. नोकरी संपली तरी ते माप काही सुटलं नाही. लोक खिशाला पेन लावतात, काका ब्रिक्स बघायची छोटी दुर्बीण लावतात. आठवडे बाजारात ते द्राक्षवाल्यापुढे उभे राहतात, एक मणी काचेवर पिळतात, आकाशाकडे धरून बघतात आणि मोठ्यांदा निकाल सांगतात, “चौदा! चौदा ब्रिक्सला तू साखर-साखर म्हनून वरडतोस?” एकदा एक द्राक्षवाला कंटाळून म्हणाला, “काका, घ्यायची हायेत का नुसता पेपर तपासायचाय?” काकांनी अर्धा किलो घेतली आणि त्याला सांगितलं की सहा मार्क वाढवून पुढच्या आठवड्यात ये.

माणसांनासुद्धा तेच माप. “जावई बरा हाय, पण ब्रिक्स कमी.” “पोरगी हुशार हाय, चोथा कायच न्हाई.” आमच्या ह्यांच्याबद्दल त्यांनी एकदा मला खासगीत सांगितलं, “तुमच्या मिस्टरांची रिकव्हरी चांगली हाय.” ऊस थोडा आणि साखर जास्त, असा त्याचा अर्थ. आमचे हे तेव्हापासून काकांना फार मानतात. मी मात्र अजून बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा हा निष्कर्ष स्वतः पडताळून बघते आहे.

आता त्यांच्या पाल्याबद्दल सांगते, कारण खरा छळ तो आहे. मागच्या अंगणात फुटके माठ, गळक्या बादल्या, रंगाचे डबे, जे सापडेल त्यात काकांनी पुदिना, तुळस, मरवा, गवती चहा आणि ओव्याच्या पानांची लावण केली आहे. ग्लासात पाला किती घालावा? चार पानं, सहा पानं? काका मूठभर घालतात. देठासकट, हाताने चुरगळून, काठाच्या वर वीतभर येईल असा. सरबत प्यायचं तर आधी त्या झाडीत तोंड खुपसावं लागतं. शेळीला बरं वाटेल, पण माणसाच्या नाकात पुदिना जातो.

आणि नुसतं प्यायचंही नाही. काका समोर उभे राहून हुकूम सोडतात.

“तोंड लावायचं न्हाई. आधी नाक. नाक आत घाला. मॅडम, लाजू नका, घाला. आता सावकाश श्वास वढा. दहापर्यंत मोजा.”

आम्ही सगळे प्रौढ, पोटापाण्याला लागलेले लोक ओट्यावर ओळीने बसून, ग्लासात नाकं घालून मनातल्या मनात दहा मोजतो. एकदा मंजिऱ्या आलेली तुळस होती, तेव्हा आमचे हे सातावरच शिंकले आणि ग्लास रिकामा झाला. काका म्हणाले, “सॅम्पल वाया,” आणि दुसरा ग्लास भरून आणला. रोज पाला वेगळा. सोमवारी पुदिना, मंगळवारी तुळस, बुधवारी गवती चहा असा पाळ्यांचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला आहे. मी विचारलं, “काका, ज्याला जे आवडेल ते घालू द्या की.” ते म्हणाले, “पाळी म्हंजे पाळी. बॉयलरला आवडनिवड नसती.”

पिऊन झालं की आम्ही सगळे ‘छान’ म्हणतो. खोटं नाही म्हणत. एप्रिलच्या दुपारी त्या आंबटगोड गारव्याने जीव खरोखर थाऱ्यावर येतो. पण आमच्या ‘छान’ला काकांच्या लेखी काडीची किंमत नाही. ते हात झटकतात, “तुमचं ऱ्हाऊ द्या,” आणि वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात. तिथे शकुंतलाकाकू आपला ग्लास हातात घेऊन उभ्या असतात. त्यांनीही नाक घालून दहा मोजलेले असतात. त्या एक घोट घेतात, दुसरा घेतात, पदराने ओठ टिपतात. काका श्वास रोखून उभे.

“बरंय,” काकू म्हणतात.

चार उन्हाळे मी हे बघत आले. कैरी, बरंय. पेरू, बरंय. डाळिंब, बरंय. दरवेळी काकांचे खांदे दोन बोटं खाली येतात, ते “बरं” म्हणतात आणि ग्लास विसळायला आत जातात. एकदा मला म्हणाले, “मॅडम, तपासनीला आलेल्या एकेका साहेबानं मला पास केलंय. हिच्यापुढं मी नापास. मरायच्या आधी एकदा हिच्या तोंडून ‘बरंय’च्या पुढचं आयकायचंय. बास, दुसरं कायच न्हाई.”

मला काकूंचा थोडा रागच यायचा. एवढा जीव टाकतो माणूस, एकदा ‘छान’ म्हणायला काय जातं? पण काकूंपुढे ह्या विषयात बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण काकूंचं नाक गल्लीत दैवताच्या जागी होतं. नवी नवरी इथे आली की तूप कढलं का हे विचारायला वाटी घेऊन त्यांच्याकडे जायची. मसाला भाजताना धने कधी उतरवायचे ते काकू भिंतीपलीकडून सांगायच्या. आमच्या घरी दूध लागलं तर ते मला कळायच्या आत त्यांची हाक यायची, “रेखा, ग्यास!” अशा बाईने ‘बरंय’ म्हटलं तर ते बरंच असणार, असं आम्ही धरून चालायचो.

ह्या वर्षी मे महिन्यात काका एका पहाटे करवंदांसाठी डोंगरातल्या अकोले गावाच्या एसटीत बसले. आधीच्या आठवड्यातली करवंदं संपली होती आणि बाजारातली त्यांच्या दुर्बिणीला पसंत नव्हती. साडेदहाला मला त्यांचा फोन आला.

“मॅडम, एक मेहेरबानी करा. परतीची गाडी लेट हाय. हिची अकराची सरबताची येळ चुकवू नका. फ्रिजात बॅच सात, करवंदाची. दोन चमचे. पाला आज पुदिना. मूठभर, बरं का, कंजुषी करू नका.”

शाळेला सुट्टी होती. मी गेले. काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. फ्रिज उघडला तर आत बाटल्यांची पलटण. कुठल्याही बाटलीवर फळाचं नाव नाही. नुसता बॅच नंबर, तारीख आणि ब्रिक्स. काकांचं म्हणणं, नाव वाचलं की माणूस आधीच चव ठरवतो. सात नंबर काही मला दिसेना. एका बाटलीवरची चिठ्ठी ओलीने पुसून गेली होती, पण आतला रंग छान गुलाबी-लाल होता. करवंदं म्हटल्यावर हीच, असं मी ठरवलं. दोन ग्लास केले, एक काकूंना आणि एक मला. मूठमूठ पुदिना चुरगळून खोचला, सोडा फोडला.

काकूंनी निमूटपणे नाक घातलं, दहा मोजले आणि अर्धा ग्लास रिकामा केला.

“बरंय,” म्हणाल्या.

मग मी घोट घेतला.

कसं सांगू? मोरीपर्यंत जाईपर्यंत मला दम धरवला नाही. ते करवंद नव्हतं. हॉटेलात जेवणाबरोबर गुलाबी कांदा देतात ना, तसा शिरक्यातला कांदा काकांनी मुलासाठी केला होता, बीट, भरपूर साखर आणि अख्खा लसूण घालून. मुलगा कांदा खाऊन पुण्याला गेला आणि मागे राहिलेलं पाणी काकांनी गाळून बाटलीत भरून ठेवलं. कारखान्यात मळी टाकत नाहीत, रस काढून उरलेल्या उसाच्या चोयट्या टाकत नाहीत, तिथे वाढलेला माणूस कांद्याचं पाणी थोडंच टाकणार! मुरलेल्या कच्च्या लसणाचा तो भपकारा, वर सोडा आणि पुदिना. मी चूळ भरली, पुन्हा भरली, डोळ्यांतून पाणी आलं आणि मग मला हसू फुटलं.

“काकू, अहो काकू, मी तुम्हाला कांद्याचं...” असं म्हणत मी वळले.

काकू हसत नव्हत्या. त्यांच्या हातात तो अर्धा ग्लास होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, चोरी पकडल्यासारख्या. माझं हसू तिथेच थांबलं. एवढा लसूण, आणि ह्यांना कळला नाही? ज्यांना भिंतीपलीकडचं दूध कळायचं त्यांना?

“बस,” त्या म्हणाल्या. “ते दार लोटून घे.”

दार लोटून मी बसले. काकूंनी शेंगांची ताटली उगाच पुढे ओढली.

“त्या कोरोनाच्या तापात गेला बघ वास. म्हनलं येईल म्हैन्यानं. न्हाई आला. आंबट कळतं, गोड कळतं, खारट कळतं. पन कैरी का पेरू, ते न्हाई कळत. समदं सारखंच. फोडनी जळली तरी मला धूर दिसल्यावर कळतंय. कुनी तुपाची वाटी आनली तर रंग बघून सांगते.”

“काकांना माहीत नाही?”

“न्हाई. आन तू सांगायचं बी न्हाई.” त्यांनी माझा हात धरला. “रिटायर झालं तवा हे नुसतं त्या खुर्चीत बसून ऱ्हायचं. भोंग्याची येळ झाली की उठून उभं ऱ्हायचं आन परत बसायचं. बघवत नव्हतं गं. मग हे सरबताचं खूळ घेतलं आन मानूस हिंडाय-फिराय लागलं. आता मी सांगितलं की मला कायच कळत न्हाई, तर कुनासाठी करतील?”

“मग ‘छान’ तरी म्हणा ना,” मी म्हणाले. “किती आस लावून बसतात ते.”

“खोटं कसं बोलू? आजपतुर त्यांच्याशी खोटं बोलले न्हाई मी. बरंय म्हंजे खोटं न्हाई, गार तर लागतंच.” मग म्हणाल्या, “आन छान म्हनलं की काम संपलं. मग परत खुर्ची.”

मी शपथ घेतली. तुळशीची घ्यायला लावली त्यांनी, मागच्या दाराबाहेर नेऊन. घरी येऊन मी पंख्याखाली बसले आणि मला खूप वाईट वाटलं, स्वतःचंसुद्धा, कारण चार वर्षं मी त्या बाईला मनातून कंजूष म्हणत होते.

दुपारी काका करवंदं घेऊन आले. दहा मिनिटांत भिंतीवरून हाक, “मॅडम, जरा मागं या.” मी अंगणात गेले. पुदिन्याच्या बादलीजवळ ते उभे होते आणि त्यांच्या हातात ती पुसलेल्या चिठ्ठीची बाटली होती.

“ही काढली व्हती तुमी?”

“चुकून, काका. मला वाटलं करवंद.”

“हिनं पेलं?”

“अर्धा ग्लास.”

“काय म्हनली?”

“बरंय,” मी म्हणाले.

काकांनी बाटली बादलीच्या काठावर ठेवली. माझ्याकडे न बघता पुदिन्याची पिवळी पानं खुडायला लागले.

“तुमाला कळलं असंल मग.”

तुळशीची शपथ घेऊन तीन तासही झाले नव्हते. वर्गात कुणाची चिठ्ठी सापडली आणि ती कुणाची हे ठाऊक असलं तरी जसा चेहरा करते तसा मी केला आणि म्हणाले, “काय कळलं?”

“ऱ्हाऊ द्या. मला चार वर्सं झाली कळून.” ते पानं खुडतच होते. “समोर बसून भाजी चिरत हुती, आन शेगडीवर दूध करपून काळं. मी अंगनात हुतो, मला वास आला आन हिला न्हाई. बत्तीस वर्सं सॅम्पल तपासली मी मॅडम. घरातलं मानूस बिघडलेलं मला कळत न्हाई व्हय?”

“मग बोलला का नाहीत?”

“तिनं न्हाई सांगितलं ना. सगळी गल्ली तिच्या नाकावर चालायची. ते गेलं हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगवंना, तर मी कसा सांगू?” त्यांनी हातातला पाला टाकून दिला. “पुन्याच्या डॉक्टरला विचारलं मी, पोराला घेऊन. त्यो म्हनला, औषध कायच न्हाई. वेगवेगळे उग्र वास रोज हुंगायला द्या. रोज, नेमानं, न कंटाळता. आला तर येईल परत, न्हाई तर न्हाई. आता मी हिला म्हननार का, अगं तुझं नाक गेलं, बस इथं लवंग हुंगत? ती हुंगंल? मग म्हनलं सरबत करू. सगळ्यांनाच हुंगाय लावू. मंग तिला काय वाटनार न्हाई.”

मी त्या फुटक्या माठांकडे आणि गळक्या बादल्यांकडे बघत राहिले. चार वर्षं आम्ही ओट्यावर बसून नाकात पाला घालून घेत होतो आणि मागे त्यांची टिंगल करत होतो. माझ्याच शाळेत शिकवणारे आमचे हे तर स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करून दाखवायचे आणि मी पोट धरून हसायचे. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं.

“ती ‘बरंय’ म्हनती तवा मला कळतं, अजून न्हाई आला,” काका म्हणाले. “तिला सांगू नका हां. तुळशीची शपथ घ्या.”

एकाच तुळशीला एकाच दिवशी मी दुसऱ्यांदा हात लावला. त्या दोघांना समोरासमोर बसवून खडसावावंसं मला वाटत होतं. पण दोघांनी एवढ्या काळजीने बांधलेलं मी कोण मोडणारी? गप्प बसले. एवढंच केलं की त्या दिवसापासून सगळ्यांसाठी मोठ्याने, दहाच्या जागी वीस मोजायला लागले, म्हणजे काकूंनाही तेवढा वेळ नाक आत ठेवावं लागेल.

मृगाच्या आदल्या रविवारी हंगाम संपला. कारखान्याचा हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ म्हणतात. काकांकडेही पट्टा पडायचा कार्यक्रम असतो. मिक्सरला पुन्हा हार, पुन्हा चार घरं, पुन्हा ओटा. शेवटची बॅच बाजारात नुकत्याच आलेल्या जांभळांची होती आणि पाला मरव्याचा. काकांनी तो चुरगळला तेव्हा ओटाभर घमघमाट सुटला. आम्ही नाकं घातली. मी वीस मोजत होते. बाराव्या-तेराव्याला दाराकडून आवाज आला.

“शी! कसला घान वास मारतोय हो ह्याला?”

काकूंनी ग्लास तोंडापासून लांब धरला होता आणि त्यांचं नाक पार आकसलं होतं. ओट्यावर सगळे चपापले. आमचे हे घाईघाईने म्हणाले, “नाही हो काकू, उलट मरव्याचा किती छान वास...”

“थांबा हो तुमी!” काका ओरडले. आमच्या ह्यांना ते कधी असं बोलले नव्हते. ते काकूंसमोर गेले. “घान? कसला घान? सांग. कसला?”

“जळल्यावानी. टायर जळतं ना रस्त्याला, तसा.”

“टायर!” काका आमच्याकडे वळले. “आयकलं का? टायर म्हनली! डॉक्टर म्हनला हुता, परतताना वास आधी वाकडाच येतो! अगं, वास आला तुला! चार वर्सांनी वास आला!”

ओट्यावर कुणालाच काही कळेना. काकूंना मात्र कळलं. त्यांनी आधी काकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मान हलवून सांगितलं की मी नाही, मी काही बोलले नाही.

“म्हंजे तुमाला ठाव हुतं?” काकू हळूच म्हणाल्या. “कवापासनं?”

काका तिथेच पायरीवर बसले, खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि आम्हा सगळ्यांदेखत लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मग काकू त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

“उठा आता. लोकं बगत्यात,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या हातातला ग्लास त्यांनी खाली ठेवला नव्हता. त्यांनी तो वर उचलला, मरव्यात पुन्हा नाक घातलं, डोळे मिटून सावकाश श्वास ओढला.

“घानच हाय,” म्हणाल्या आणि पुन्हा नाक घातलं.